शेवळातल्या सुया

सोमवारी तिसऱ्या तासाला प्रभाबाई नववीच्या वर्गात शिरल्या तेव्हा त्यांचा खालचा ओठ एवढा सुजला होता, की पार मागच्या बाकावरूनही दिसावा. शाळा उघडून पुरता आठवडाही झाला नव्हता. एरवी प्रभाबाई म्हणजे तलासरीच्या त्या शाळेतलं सगळ्यात खणखणीत तोंड. डहाणूहून सकाळची एसटी धरून यायच्या, आणि त्या फाटकात दिसल्या की व्हरांड्यातला गलका आपोआप बसायचा. आज त्या ‘हजेरी’ म्हणायला गेल्या आणि बाहेर आलं ‘हदेली’. मग काय! विपुल पेन शोधायच्या निमित्ताने बाकाखाली गेला, तो हसू आवरेपर्यंत वर आलाच नाही.

बाईंचं बोबडं बोलणं इथे जसंच्या तसं उतरवून त्यांची आणखी फजिती करण्यात अर्थ नाही. त्या म्हणाल्या ते असं: “हसा, पोट भरून हसा. काल आमच्या ह्यांनी डहाणू स्टेशनबाहेरून शेवळं आणली, ती पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी. कामावर कुणीतरी म्हणालं, या दिवसांत शेवळं खाल्ली नाहीत तर डहाणूत राहून काय केलंत? आणली, चिरली, कांदा घालून फोडणीला टाकली. दुसऱ्या घासाला जिभेत काटे भरल्यासारखं झालं. आम्ही दोघं दवाखान्यात. इंजेक्शन घ्यावं लागलं! त्या विकणाऱ्या बाईने जंगलातलं काहीतरी विषारी आमच्या गळ्यात मारलं. हे आज तिच्याकडे जाऊन विचारणारच आहेत. आणि येत्या सोमवारी नगरपरिषदेत अर्ज देणार, की अशा बायांना तिथे बसू देऊ नका.”

वर्ग आणखी हसला. एकटी रविना हसली नाही.

कारण स्टेशनबाहेर शेवळं घेऊन बसणारी बाई एकच, तिची आई, संगिता. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती शेवळं विकली होती खुद्द रविनाने. रविवारी आई पाण्याची बाटली भरायला गेली होती, तेवढ्यात एक साहेब आला. गळ्यात निळ्या पट्टीचं रेल्वेचं ओळखपत्र, चष्मा कपाळावर चढवलेला. बाईंचा नवरा रेल्वेत आहे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. घासाघीस करून त्याने दोन जुड्या घेतल्या. रविनाने रिवाजाप्रमाणे मूठभर काकडंही दिली. काकड म्हणजे आवळ्याएवढं हिरवं, आंबटढोण फळ. शेवळांबरोबर ते फुकटच द्यायचं असतं. साहेबाने विचारलं, “हे फुकट?” रविना म्हणाली, “हो.” संपलं बोलणं. शेवळं खाजरी असतात, काकडाचा रस घातल्याशिवाय शिजवायची नसतात, हे तिने सांगितलं नाही. सांगायचं कशाला? भात शिजवताना पाणी घाला, असं कुणी कुणाला सांगतं का?

संध्याकाळी ती पाड्यावर पोचली तर आई ओट्यावर बसलेली, आणि पाटी भरलेली. शेवळं सकाळी जंगलातून खणून आणली, की दुसऱ्या दिवशी मान टाकतात. भरली पाटी परत येणं म्हणजे काय, ते रविनाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“तो साहेब आला होता,” आई म्हणाली. “सगळ्या बाजारासमोर ओरडला. म्हणे विष विकते. मी म्हटलं, साहेब, काकड घातलं ना? तर म्हणे मला शिकवू नको. मग कोण घेतोय माझ्याकडून? जयश्रीपण टोपली उचलून लांब बसली.”

जयश्री म्हणजे चिंचणीची, सुकट विकणारी. सहा वर्षं दोघी मांडीला मांडी लावून बसत. शेवळात सुकट घालतात, म्हणून एकीचं गिऱ्हाईक दुसरीकडे आपसूक जायचं. ती जागा संगिताला काही कुणी लिहून दिली नव्हती. उन्हात बसून, हटवलं की उठून, पुन्हा येऊन तिने ती कमावली होती. शेवळांचा हंगाम जेमतेम तीन आठवडे. तेवढ्यात नाव गेलं तर पुढे करटोली आणि रानभेंड्या घेऊन गेलं तरी लोक तोंड फिरवणार.

“तू काकड दिलं होतंस ना गं?” आईने हळूच विचारलं.

“दिलं होतं, आये. शप्पथ. पण कशाला ते नाय सांगितलं.”

आई पाटीवर फडकं घालायला वळली. रागावली असती तर रविनाला बरं वाटलं असतं.

आता ही रविना कशी, तेही सांगायला हवं. हिला प्रश्न पडायचे, आणि ते ती गिळत नसे. आठवीत पेशी शिकवली तेव्हा हिने विचारलं होतं, “बाई, पेशीला आपण पेशी आहोत हे कळतं का?” वर्ग हसला आणि बाई म्हणाल्या, “खाली बस.” त्या रात्री अपमानाने नव्हे, तर उत्तर मिळालं नाही म्हणून तिला नीट जेवण गेलं नव्हतं. आताही आईची काळजी होतीच, पण त्या काळजीच्या बाजूला एक प्रश्न येऊन बसला होता, तो काही हलेना. शेवळं खाजतात म्हणजे आत नेमकं काय असतं? आणि काकड त्याचं काय करतं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षक खोलीच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी. पिशवीत दोन शेवळं आणि पाचसहा काकडं.

“बाई, ती विकणारी बाई माझी आई आहे,” तिने एका दमात सांगून टाकलं. “आणि तुमच्या साहेबांना शेवळं मीच दिली.”

प्रभाबाईंचा ओठ आता निम्म्याने उतरला होता, राग मात्र नाही. “आणि हे मला आज सांगतेस?”

“काल भीती वाटली. आज पण वाटते. पण बाई, विष असतं तर आम्ही पाड्यावरचे सगळे कधीच मेलो असतो. आम्ही दरवर्षी खातो. मला यात काय आहे ते बघायचंय. ते यंत्र काढाल का?”

यंत्र म्हणजे सूक्ष्मदर्शक. कपाटात कुलुपात असायचा. मुलं काच फोडतील म्हणून वर्षातून एकदा निघायचा, कांद्याची साल दाखवायचा आणि पुन्हा आत जायचा. प्रभाबाईंनी पोरीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. त्या मूळच्या जालन्याकडच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. शेवळं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली ती परवा, आणि जिभेने अशी अद्दल घडवल्यावर आत काय होतं, हे त्यांनाही जाणून घ्यायचं होतंच की! त्यांनी किल्ली काढली.

खिडकीशी उजेडात सूक्ष्मदर्शक मांडला. बाईंनी ब्लेडने शेवळाचा इतका पातळ काप काढला, की त्यातून बोट दिसावं. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबात काप, वरून पातळ काच. आरसा फिरवून उजेड धरला, मग बारीक चक्री फिरवत राहिल्या. फिरवता फिरवता थांबल्या. डोळा काही काढेनात.

“बाई, मला...”

“थांब जरा.”

“बाई, सुट्टी संपेल.”

बाई बाजूला झाल्या. रविनाने डोळा लावला. आधी नुसतंच फिकं, पाणेरी. मग खोल्यांसारख्या पेशी, एकीला एक चिकटलेल्या. आणि एका मोठ्या पेशीत सुया! एक नाही, दोन नाही, गठ्ठाच्या गठ्ठा, काडेपेटीत काड्या भराव्यात तशा. काही गठ्ठे फुटून सुया बाहेर विखुरल्या होत्या. दोन्ही टोकं अणकुचीदार.

“अयाई गं!” रविना ओरडली. “बाई, ह्या कुणी भरल्या आत?”

“झाडाने. स्वतःच बनवतं.” बाईंचा आवाज वेगळाच झाला होता. “कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक. झाडाला काही पळता येत नाही, की शिंग मारता येत नाही. मग जो खाईल त्याच्या जिभेत ह्या सुया घुसतात. कॉलेजात मी याची आकृती काढली होती, पाच मार्कांना. पाचपैकी पाच मिळाले. खऱ्या मात्र आज पाहिल्या.”

मग त्यांनी कांद्याची साल लावली. तिथे सुया नाहीत. शाळेमागच्या कुंपणाखाली एक शेवळ उगवलं होतं, त्याचा काप लावला. सुया आहेत. म्हणजे सगळ्याच शेवळांत असतात, संगिताच्याच पाटीत आल्या होत्या असं नव्हे. रविनाचा चेहरा फुलला. “बघा! आणि आता काकड घालते. रस पडला की सुया विरघळणार, म्हणून खाज जाते. बघाच तुम्ही.”

तिने काकड ठेचलं आणि रसाचा थेंब काचेच्या कडेने आत सोडला. डोळा लावून बसली. एक मिनिट. पाच मिनिटं. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, बाईंनी तिला हटकलं नाही. दहा मिनिटं झाली.

सुया जशाच्या तशा. एकीचंही टोक झिजलं नाही.

“नाय विरघळत,” रविना पुटपुटली.

बाईंनी पाहिलं. पुन्हा नवा काप, पुन्हा रस. तेच. “मला वाटलं होतं आंबटपणाने काहीतरी होईल. पण दिसतं आहे ते असं आहे,” त्या म्हणाल्या. “मग रविना, काकड ही नुसती समजूत असेल. तुम्हाला लहानपणापासून सवय असेल, म्हणून तुम्हाला बाधत नसेल. आम्हाला बाधलं. म्हणजे आमच्यासारख्याला विकणं चूकच, नाही का?”

रविनाला रडूच फुटलं. ती आईची बाजू मांडायला आली होती, आणि स्वतःच्याच हातांनी आईच्या विरुद्ध पुरावा काढून बसली होती. अशी चिडली की ती काचपट्टी उचलून फेकावीशी वाटली. डोळे पुसत ती पुन्हा त्या सुयांकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचं रडू थांबलं.

“पण बाई, काचेला जीभ कुठंय?”

“म्हणजे?”

“काकड सुयांचं काय करतं ते काचेवर दिसेल. जिभेचं काय होतं ते काचेवर कसं दिसणार? तुम्हीच शिकवलंत, दोन कुंड्या घ्यायच्या, माती तीच, पाणी तेच, फक्त एक उजेडात नि एक अंधारात. तशा दोन हंड्या करू. एकीत काकड घालायचं, एकीत नाय. बाकी सगळं तेच. मग खाऊन बघायचं.”

“खाणार कोण?” बाईंचा हात आपसूक ओठाकडे गेला.

“बिनकाकडाचं मी खाईन.”

“वेडी आहेस का? मी तुला तसलं काही खाऊ देणार नाही.” तरी बाईंनी मोबाईल काढला आणि तिच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. “अहो, रविवारी शेवळांबरोबर त्या पोरीने बारकी हिरवी फळं दिली होती, त्यांचं काय केलंत?” पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. “कुठली? ते जंगली आवळे? मीठ लावून खाल्ले की मी बाजारातून आल्यावर. का गं?”

बाईंनी कपाळावर हात मारला. “काकड भाजीत गेलंच नव्हतं,” त्या फोन ठेवून म्हणाल्या. “पण लगेच हुरळून जाऊ नकोस. ते गेलं असतं तर फरक पडला असता, हे अजून ठरलेलं नाही. अर्ज सोमवारी द्यायचा की नाही, ते मी रविवारी ठरवते. तुझ्या आईला सांग, मी येते आहे. खायचं काय ते मोठी माणसं बघतील.”

रविवारी सकाळी डहाणू स्टेशनबाहेर संगिता आपल्या जागेवर बसली होती. पुढ्यात शेवळांची पाटी, बाजूला फडक्याने बांधलेल्या दोन हंड्या. दोन्हींत तीच शेवळं, तोच कांदा, तीच सुकट. एका हंडीच्या गळ्याला रविनाने लाल चिंधी बांधली होती. त्यात काकड होतं. सुकट जयश्रीकडचीच घेतलेली, पण जयश्री अजून चार हात लांबच. आठवडाभर कमी शेवळं आणायची आणि त्यातलीही निम्मी घरी न्यायची, असं चाललं होतं. आजची पाटी पुन्हा भरून परत गेली, तर उद्यापासून यायचंच नाही, असं आई पहाटे जंगलात म्हणाली होती. ती बोलते ते करते, हे रविनाला पक्कं ठाऊक होतं.

प्रभाबाई आल्या. मागून त्यांचे यजमान श्यामकांत साहेब, हात मागे बांधून. रेल्वेचा साहेब पुन्हा भांडायला आला म्हटल्यावर गर्दी जमायला काय वेळ लागतो? रिक्षावाले आले, पासधारक आले, केळीवाला गाडी सोडून आला. जयश्रीही मान उंच करून बघू लागली.

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कुठल्या हंडीत काय आहे ते. “बिनकाकडाची भाजी नुसती जिभेला लावू. मी लावते,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात रविनाने लगबगीने बिनचिंधीची हंडी ओढली. तिचा हात आत जाणार, तोच आईने मनगट धरलं.

“भाजी कुणाची?” आईने विचारलं.

“आपली.”

“पाटी कुणाची?”

“तुझी.”

“मग बस गप.”

आणि संगिताने जिभेला बिभेला काही लावलं नाही. चांगला घास उचलला, तोंडात घातला, चावला आणि गिळला. सगळ्यांकडे बघत. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या गळ्याची शीर ताठ झाली. डोळ्यांत पाणी तरारलं. तिने ओठ दाबून धरले, पण ते लाल व्हायला लागलेले सगळ्यांना दिसत होते. रविनाने पाणी पुढे केलं, तर तिने हातानेच थांबवलं. “माझीच भाजी,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “काकड नसलं तर मलापण सोडत नाय. लहानपणापासून खाते. सवय नाय होत कुणाला.”

आता लाल चिंधीची हंडी.

“अगं, राहू दे,” श्यामकांत साहेब बाईंच्या कानाशी म्हणाले. “परवा कुठे ओठ उतरलाय.”

“तिने खाल्लं ते दिसलं नाही का तुम्हाला?” बाई फणकारल्या. त्यांनी हंडीतला घास घेतला. बाईंनी डोळे मिटून चावलं. रविनाने मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. वीस. चाळीस. सुया आतच असणार, तशाच टोकदार, आणि तरी... साठ. बाईंनी जीभ ओठांवरून फिरवली. ऐंशी. शंभर.

प्रभाबाईंनी डोळे उघडले. “भाकरी आहे का गं?”

मग जो काही हशा पिकला! केळीवाल्याने टाळ्या वाजवल्या. बाईंनी खरंच भाकरी मागून घेतली, पोत्यावर बसकण मारली आणि तीन घास खाल्ले. रविनाला एकदम इतकं हलकं वाटलं, की हसावं की रडावं कळेना. पण बाईंचं काम संपलं नव्हतं. घास गिळून त्या नवऱ्याकडे वळल्या. “सोमवारी जिथे उभे राहून ओरडलात, तिथेच उभे राहा आणि बोला.”

साहेब कानकोंडे झाले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, पुन्हा वर नेला. “माझं चुकलं, ताई,” ते म्हणाले. “तुमची भाजी चांगली होती. मला खायची अक्कल नव्हती.”

संगिताने मान हलवली. बोलवत नव्हतं तिला; जीभ जड झाली होती. म्हणून त्या दिवशी विक्री रविनानेच केली. दर जुडीमागे मूठभर काकड, आणि दर मुठीमागे सगळी हकीकत: खालचा पिवळा भाग काढून टाका, काकड ठेचून रस काढा, आधी शेवळं त्यात शिजवा. एका आजीने तर तिला झापलंच, “मला शिकवतेस? तुझ्या आईच्या जन्माआधीपासून रांधते मी!” रविनाने तिलाही पूर्ण ऐकवलं. जयश्री केव्हा टोपली घेऊन पुन्हा शेजारी येऊन टेकली, ते कुणी पाहिलं नाही. येता येता तिने संगिताच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

गिऱ्हाईक जरा ओसरलं तेव्हा रविना बाईंच्या बाजूला सरकली. “बाई, सुया तर आत तशाच आहेत. मग तुम्हाला टोचल्या का नाय?”

प्रभाबाई तिच्याकडे वळल्या. रविनाला वाटलं, आता ‘खाली बस’ म्हणतील. “मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “कदाचित सुयांवर आणखी काहीतरी असेल, आणि काकड त्याला मारत असेल. कदाचित वेगळंच काही. शोधावं लागेल. यंत्र बाहेरच ठेवते आता. किल्ली नको.”

अकराच्या सुमाराला पाटीचा तळ दिसू लागला. संगिताने गूळ चघळून, पाणी पिऊन जीभ वळते का ते दोनदा करून पाहिलं. बाई निघायला उठल्या तशी ती पहिल्यांदाच त्यांच्याशी आपणहून बोलली.

“बाई, त्या सुया मलापण बघायच्यात. एवढी वर्षं खणते, पण आत काय असतं ते कुणी दाखवलंच नाय.”

“या की!” प्रभाबाई म्हणाल्या. “उद्याच या शाळेत.”

संगिताने उरलेल्या दोन जुड्या पाटीच्या मधोमध नीट लावल्या.

“उद्या नाय जमायचं,” ती म्हणाली. “उद्या मी इथं बसणार.”